गॉगलचा डावा कोपरा

माझा स्वभाव संशयी आहे, हे घरचे म्हणतात, बाहेरचे म्हणतात, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी मीही म्हणायला लागलो आहे. दूध आलं की मी पातेलं उजेडात धरून बघतो. सगळा जन्म लोणावळ्यात काढूनही चिक्कीच्या पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय ते पिशवीत टाकत नाही. आमचा दुकानदार मला बघितलं की पाकीट आधीच उलटं करून पुढे सरकवतो. लग्न ठरताना मी सासऱ्यांकडे बायकोचा शाळेचा दाखला मागितला होता. पत्रिकेतली जन्मतारीख पडताळायची होती, दुसरं काही नाही. बायको ते अजून विसरलेली नाही.

नोकरीत मात्र या स्वभावाचं कौतुकच झालं. नवलाख उंबरे गावाशेजारच्या एका कारखान्यात मी आधी स्टोअरला होतो आणि नंतर सेफ्टीला आलो. सेफ्टीत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. 'बोल्ट आवळला' असं कुणी म्हटलं, की मी जाऊन पाना लावून बघणार. लोक पाठीमागे काय म्हणायचे ते मला माहीत होतं, पण माझ्या काळात शेडमध्ये वरून कुणी पडलं नाही, याचा मला अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी कंपनीने सेफ्टीच्या खोलीत व्हीआरचा हेडसेट आणला. कामगार त्याला गॉगल म्हणायला लागले, मग मीही म्हणायला लागलो. संगणकाला वायरने जोडलेला काळा जाडजूड गॉगल. तो डोळ्यांवर चढवला की माणूस आमच्या खोलीतल्या फरशीवर उभा असतो, पण त्याला दिसतं की आपण शेडच्या छताखाली तीस फुटांवर आहोत, क्रेनच्या रुळालगतच्या अरुंद लोखंडी वाटेवर. त्या वाटेवर ठरावीक अंतराने खांब असतात. कमरेच्या डाव्या बाजूला सेफ्टी बेल्टचा हूक लोंबत असतो. एका खांबाचा हूक काढून पुढच्या खांबाला लावायचा, असं करत क्रेनच्या केबिनपर्यंत पोचायचं. तोल गेला की नापास. प्रत्येकाला तीन संधी, आणि तीनही गेल्या तर नाव यादीतून खाली. खऱ्या शिडीवर पाय ठेवायच्या आधी ही परीक्षा सक्तीची होती. माणसाला काय दिसतंय ते मला संगणकाच्या पडद्यावर दिसायचं. मी स्वतः गॉगल क्वचितच घालायचो, कारण माझ्या दुहेरी भिंगाच्या चष्म्यावर तो बसत नाही आणि चष्म्याशिवाय मला अक्षरं लागत नाहीत.

त्या वर्षी क्रेन ऑपरेटरच्या एका जागेसाठी सहा जणांची नावं होती. पाच पुरुष आणि एक बाई. या बाई हाउसकीपिंगमध्ये होत्या, पस्तिशीच्या, इंदुरीकडच्या एका गावातून यायच्या. आठ वर्षं त्यांनी शेडची फरशी पुसली होती, आणि पुसता पुसता वर बघून क्रेन कशी चालते ते शिकल्या होत्या. हाताच्या कुठल्या खुणेला क्रेन कुठे वळते, हे त्यांना जुन्या ऑपरेटरइतकंच कळायचं. अर्ज द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, खालून लय बगितलं. आता वरून बगायचंय." मी अर्ज घेतला आणि सही ताडून पाहिली.

खंडेनवमीला आमच्याकडे उत्पादन बंद असतं. सकाळपासून मशिनी धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा चढतात, आणि ज्या त्या खात्याची पूजा ज्या त्या खात्याने करायची. सेफ्टीच्या खोलीतला भटजी मीच. नेमका तोच दिवस साधून पुण्याच्या ऑफिसातून सिस्टीमच्या मॅडम आल्या. कारखाना बंद, संगणक मोकळा, तेव्हा त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. धड चाललेल्या गोष्टीला हात कशाला लावायचा?

"सर, जुन्या सिस्टीमला आता सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हे मी सेफ्टीवाल्यांना समजावायचं का?"

पडद्यावर टक्के वाढत होते आणि मी ताट हातात धरून तिष्ठत होतो. एकदाचं ते संपलं, तशी मी पूजा केली. संगणकाला, कीबोर्डला, गॉगलला, भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यालासुद्धा तेलात कालवलेलं कुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडला. दारात सात-आठ जण होते, त्यांत त्या बाईही. त्या बौद्ध घरातल्या. खोली धुवायला त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या, पण आरती सुरू झाली की बाजूला सरून शांत उभ्या राहायच्या, हात जोडायच्या नाहीत. पेढा दिला की घ्यायच्या. दसऱ्याला त्यांची रजा ठरलेली असायची, त्या दिवशी त्या विहारात जायच्या. आठ वर्षांत याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला. गॉगल दहा जणांच्या तोंडाला लागतो, म्हणून मी सकाळीच ओल्या फडक्याने तो पुसून ठेवला आणि परीक्षा सुरू केल्या. पहिला गडी उतरला तो तोंडावर रुमाल धरूनच. "लय गरगरलं सर," म्हणाला. पडद्यावर मलाही दिसत होतं, चित्र अडखळत होतं, थांबत होतं, मग एकदम उडी मारत होतं. तरी तो पास झाला, आणि त्याच्यामागचाही झाला. तिसऱ्या त्या बाई. दुसऱ्या खांबाशी आल्या आणि पडद्यावरची सगळी शेडच तिरकी झाली. त्यांनी हवेत काहीतरी धरायला हात टाकला आणि यंत्राने त्यांना पडलेलं दाखवलं.

गॉगल काढून त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी पडले न्हाई सर. चित्र पडलं."

असली कारणं मी आयुष्यभर ऐकली होती. मी नोंदीत लिहिलं, तोल गेला. एक संधी संपली.

जेवताना कँटीनमध्ये एक फिटर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमी पूजेला हात जोडले, आमाला पावला गॉगल. ज्यांनी न्हाई जोडले त्यांना कसा पावंल?" टेबल हसलं. मीही हसलो. त्या दोन टेबलं पलीकडे डबा खात होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. हे हसणं मला आजही छळतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

अडखळणाऱ्या चित्राचं खापर मी अर्थातच नव्या सिस्टीमवर फोडलं. मॅडमना फोन केला, आणि त्या येईपर्यंत एक वही घालून चित्र किती वाजता अडखळलं ते लिहून ठेवू लागलो. मला वेगळीच शंका येत होती. हे अपग्रेड म्हणजे मुख्य ऑफिसने आमच्यावर नजर ठेवायला घातलेलं काहीतरी असावं, आणि त्याच ओझ्याखाली संगणक धापा टाकत असावा. मॅडम आल्या तेव्हा मी वही पुढे ठेवली आणि त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो.

"सर, तुम्ही बसा ना."

"मी उभाच बरा."

त्यांनी एकेक गोष्ट उघडून दाखवली. चित्र काढणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, अपग्रेडमध्ये बदलला होता आणि कसाबसा काम भागवणारा साधा प्रोग्रॅम आला होता. त्यांनी आधीचाच परत नीट बसवला. पडद्यावर जे चालेल ते मागच्या मागे रेकॉर्ड करायची एक सोय आपोआप सुरू झाली होती. "हीच ती नजर!" मी म्हणालो. "ही खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी असते," त्या म्हणाल्या आणि ती बंद केली. वीज वाचवायची पद्धत परत पहिल्यासारखी झाली होती, त्यामुळे गॉगलच्या वायरीचा पुरवठा मध्येच कमी व्हायचा, तेही त्यांनी बदललं. मग स्वतः गॉगल घालून त्या चालून आल्या. कोपऱ्यात आकडा दिसत होता. चित्र सेकंदाला नव्वद वेळा बदलत होतं, एकदाही खाली आलं नाही.

"अपग्रेडच्या आधी इतकंच होतं," त्या म्हणाल्या. "संगणक आता निर्दोष आहे."

मी वहीत वेळ लिहिली आणि त्यांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी चौथा गडी फिरायला गेल्यासारखा चालत केबिनपर्यंत गेला. मग त्या बाई. आकडा नव्वद, चित्र लोण्यासारखं मऊ. पहिला खांब, दुसरा खांब, आणि पुन्हा त्याच जागी शेड तिरकी, पुन्हा हात हवेत, पुन्हा त्या पडलेल्या.

आता संगणक सुटला होता, म्हणजे माझ्यापुढे संशय घ्यायला एकच माणूस उरलं. आणि मी तो घेतला. मला वाटलं, बाई काहीतरी लपवतायत. चक्कर येत असेल, उंचीची भीती असेल, किंवा त्याहून मोठं काही. असा माणूस तीस फुटांवर पाठवला आणि काही झालं तर? हे सगळं मी सेफ्टीच्या नावाने स्वतःला पटवून दिलं. मग खोलीत पाचवा गडी उभा असताना, त्याच्यासमोर, मी त्यांना विचारलं, "ताई, खरं सांगा, फिट येते का तुम्हाला? घरात कुणाला आहे का?"

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. गॉगल टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सर, तुमी घालून बगितला का?"

"मला चष्मा आहे."

"चष्मा काडून घाला की. पडायला अक्षरं कशाला लागत्यात?"

मला राग आला. हाउसकीपिंगच्या बाईने मला तपासायला शिकवावं? पाचव्या गड्याला पास केलं, सहाव्याला उद्या यायला सांगितलं, तरी दुपारपर्यंत मी धुमसत होतो. पण हा माझा जुना रोग आहे, शंका एकदा डोक्यात शिरली की ती कुणी घातली हे मी बघत नाही. जेवणाच्या सुटीत खोलीचं दार लोटलं, चष्मा काढला आणि गॉगल चढवला.

सरळ चालत गेलो. पहिला खांब, दुसरा, तिसरा. काही झालं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सापडली, म्हटलं. परत फिरलो, पहिल्यापासून सुरू केलं, आणि दुसऱ्या खांबाशी सहज मनात आलं, हूक नीट बसलाय की नाही बघावं. आयुष्यभराची सवय. मान खाली डावीकडे वळवली.

जग पडलं. छत बाजूला गेलं, वाट पायाखालून सरकली. मी फरशीवर उभा आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. कोपऱ्यातला आकडा शांतपणे नव्वद दाखवत होता.

पुन्हा बघितलं. समोर, ठीक. उजवीकडे खाली, ठीक. वर, ठीक. डावीकडे खाली, पडलो. चार वेळा केलं आणि चार वेळा पडलो.

गॉगल काढला, चष्मा लावला, मोबाइलचा टॉर्च पेटवला. गॉगलच्या पुढच्या बाजूला चार कोपऱ्यांत चार बारीक भोकं आहेत. त्यांत कॅमेरे असतात, आणि त्यांना खोली दिसते म्हणून गॉगलला आपली मान कुठे आहे ते कळतं. तीन भोकांत काच चमकली. चौथ्यात चमकली नाही. घालणाऱ्याच्या डाव्या हाताचं, खालचं. मी नखाने टोकरलं. नखावर लाल आलं. वास घेतला.

कुंकू होतं. तेलात कालवलेलं, मी लावलेलं. दसऱ्यानंतर ओल्या फडक्याने मी ते पुसलं होतं, म्हणजे गॉगलच्या कपाळावरून ओढत नेऊन खालच्या कोपऱ्यातल्या भोकात भरलं होतं. खोलीत संशय घ्यायला दुसरं कुणीच नव्हतं. मॅडम नव्हत्या, मुख्य ऑफिस नव्हतं, त्या बाई नव्हत्या. मी खुर्चीत बसलो आणि मला फार लाज वाटली. फिटबद्दल विचारल्यावर बंद झालेला तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

चष्म्याच्या काचा पुसायचा फवारा आणि कानात घालायची कापसाची काडी घेऊन मी भोक साफ केलं. घालून बघितलं. डावीकडे खाली बघितलं तर फक्त हूक दिसला.

पण एक गाठ सुटत नव्हती. बाकीचे कसे पास झाले? प्रत्येकाच्या परीक्षेचं चित्रण परीक्षेचा प्रोग्रॅम स्वतःच वेगळं साठवून ठेवतो. मी चौघा पास झालेल्यांची बघितली, एकामागून एक, पोळी-भाजी तशीच ठेवून. चौघांतल्या एकानेही खाली बघितलं नव्हतं. नजर सरळ केबिनवर, हात सवयीने कमरेला, हूक चाचपून काढला, चाचपून लावला, पुढे. बाईंची दोन्ही चित्रणं बघितली. त्यांनी दोन्ही वेळा मान वळवून हूक बसला का ते डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्याच क्षणी चित्र पडलं होतं. मी जे जन्मभर घसा कोरडा करून शिकवलं ते पाचांमध्ये एकीने केलं होतं, आणि तिलाच मी दोनदा नापास केलं होतं.

एवढं कळूनही मी सरळ वागलो नाही. अहवालात पहिल्यांदा लिहिलं, 'नव्या सिस्टीममुळे गॉगलच्या कामात दोष आढळला.' खोटं म्हणावं असं नव्हतं, दोष आढळलाच होता की. मॅडमना प्रत पाठवली. दहा मिनिटांत फोन.

"सर, सिस्टीमचा दोष मी काढला होता. तुमच्या वहीत माझी सही आहे. हा दुसरा दोष कुठला?"

मी सांगितलं. त्या हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत. "मान तिकडे वळली की बाकीच्या कॅमेऱ्यांना नुसती पांढरी भिंत आणि करडी फरशी दिसते," त्या म्हणाल्या. "ओळखायला खूणच नाही. त्या चौथ्यावरच सगळा भार होता. मीही गॉगल घातला आणि आकडाच बघत बसले, सर. मान खाली घातली नाही."

मी अहवाल फाडला आणि दुसरा लिहिला. कुंकू लिहिलं, माझा हात लिहिला, बाईंच्या दोन्ही परीक्षा रद्द लिहिल्या, आणि सगळ्यांची परीक्षा नव्याने घ्यावी असंही लिहिलं. साहेबांनी वाचून माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

कँटीनमधलं काम जास्त अवघड होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी फिटरच्या टेबलाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "गॉगल कुणाला पावत नाही आणि कुणावर कोपत नाही. मी पूजा करताना त्याच्या डोळ्यात कुंकू भरलं होतं. ताई पडल्या त्या माझ्यामुळे. त्या दिवशी मी हसलो तेही चुकलं." फिटर ताटात बघत म्हणाला, "आमी आपलं गमतीनं बोललो सर." दोन टेबलं पलीकडे त्या डबा खात होत्या. त्यांनी या वेळी मान वर केली.

परीक्षेला आल्या तेव्हा मी गॉगल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"आदी तुमी घाला."

मी चष्मा काढून गॉगल चढवला. डावीकडे खाली बघितलं. "ठीक आहे."

"अजून एकदा बगा."

मी अजून एकदा बघितलं. मग त्यांनी गॉगल हातात घेतला, उलटा केला, चारही भोकं उजेडात धरून बघितली, मी सकाळी दुधाचं पातेलं धरतो तशी, आणि आपल्या रुमालाच्या टोकाने प्रत्येक भोक पुसलं. सगळ्या खांबांवरचा हूक डोळ्यांनी बघत त्या केबिनपर्यंत पोचल्या. ज्या चौघांना मी आधी पास केलं होतं, त्यांतल्या दोघांना या खेपेला मी नापास केलं, कारण आता मी त्यांची मान बघत होतो.

जागा बाईंना मिळाली. त्या खऱ्या शिडीवर पहिल्यांदा चढणार होत्या त्या सकाळी मी लोणावळ्याहून नेहमीच्या आधीच्या गाडीने आलो. शिडीचा बोल्ट न् बोल्ट पाना लावून बघितला, बेल्टची शिवण बघितली, हूकची स्प्रिंग दहा वेळा दाबली. त्या आल्या तेव्हा माझे हात ग्रीसने काळे झाले होते.

"ताई, सगळं तपासलंय," मी म्हणालो. "मी स्वतः."

"व्हय सर," त्या म्हणाल्या, माझ्या हातातून पाना घेतला आणि पहिल्या बोल्टपासून तपासायला सुरुवात केली.